पावती

थंडीवर बोलायचा मला खरं म्हणजे काही अधिकार नाही. डिसेंबरात सकाळी पहिला तांब्या अंगावर घेताना मी जो आवाज काढतो, त्यावर आमच्या आळीतली दोन-तीन घरं घड्याळ लावतात. बँकेत माझं काउंटर नेमकं एसीच्या तोंडाशी आहे. कर्ज मागायला येणाऱ्याच्या मनात आधीच धडकी भरावी म्हणून हा एसी बसवला असावा. पण कर्जवाले आतल्या केबिनमध्ये जातात आणि हुडहुडी भरते ती मला. त्यामुळे भर वैशाखात बिनबाह्यांचा स्वेटर घालणारा इसम म्हणून मी आमच्या शाखेत प्रसिद्ध आहे. तेव्हा दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावर, आणि तेही त्यातल्या जीवजंतूंच्या बाळपणावर, मी लेख लिहायला बसलोय हे वाचून आमचे शाखाधिकारी तरी नक्की हसतील. पण प्रसंगच तसा आला.

आमची कन्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय प्राणिशास्त्र. तिनं तो घेतला तेव्हा मी काही बोललो नव्हतो. प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक आणि झुरळ, आणि ते तीन वर्षांत संपतं, असा माझा समज होता. पदवी हातात पडली की तिला बँकेच्या परीक्षेला बसवायचं, हा बेत मनाशी पक्का होता. बँकेला पदवी कुठलीही चालते. बी.कॉम. झालेला माणूस बेडकाला घाबरला तरी चालतो, तसंच बेडूक कोळून प्यालेल्या माणसाला ताळेबंद आला नाही तरी चालतं. तयारीची दोन जाडजूड पुस्तकंही मी आणून ठेवली होती.

एका रविवारी आमचे साडू सकाळीच आले होते. पोहे चालले होते. अशा वेळी कन्या म्हणाली, “बाबा, मला पुढं गोव्याला जायचंय. सागरी विज्ञानाला.”

गोवा म्हटल्यावर साडूंनी उगाचच मिस्कील हसून माझ्याकडे पाहिलं. मी दुर्लक्ष केलं.

“तिथं काय शिकायचं?”

“अतिथंड समुद्रातले प्राणी कसे वाढतात ते. म्हणजे अगदी अंड्यापासून. दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात सी अर्चिन असतो ना—”

“कोण असतो?”

“काट्यांचा चेंडू असतो बघा. समुद्रातलं साळिंदर समजा. त्याचं पिल्लू तिथल्या पाण्यात फार हळू वाढतं. का, ते शोधायचं.”

मी तोंडातला घास संपवला, पाणी प्यालो आणि कुठल्याही सुज्ञ बापानं विचारावा तो प्रश्न विचारला, “याचा उपयोग काय?”

कन्या काही बोलली नाही. बशी उचलून आत गेली. मोरीत बशी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. साडू म्हणाले, “बरोबर विचारलंत.” साडूंनी मला बरोबर म्हटलं की माझ्या मनात हटकून शंका येते. त्या दिवशीही आली.

आता ‘याचा उपयोग काय’ हा काही वाईट प्रश्न नाही. उलट मला तर तो आपल्या घरातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. आजी हा प्रश्न रिकाम्या डब्याला विचारते आणि उपयोग नाही असं ठरलं तरी डबा फेकत नाही. आई मुलांच्या खेळाला विचारते. सासरा जावयाबद्दल मनातल्या मनात विचारतो. वाणिज्य शाखेत तर हा प्रश्न आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात, फक्त त्याला दुहेरी नोंदपद्धती म्हणतात. इकडे गेलं तर तिकडे काय आलं? हिमखंडांतून जहाज न्यायचं, बर्फ कापायचं, माणसं उतरवायची, तर त्याला पैसा लागतो आणि तो बहुधा तुमच्या-आमच्या करातला असतो. मग करदात्यानं विचारायला नको?

पण बशीचा तो आवाज काही डोक्यातून जाईना. शेवटी कन्येच्या टेबलावरचे कागद तिच्या नकळत वाचायला घेतले. पुढं तिला ते कळलं. मग ती जेवताना थोडं थोडं सांगू लागली, पण माझ्याशी न बोलता, आईला उद्देशून. आमच्या घरात महत्त्वाचा पत्रव्यवहार नेहमी असाच तिसऱ्या पक्षामार्फत होतो.

तर हकीकत अशी. अंटार्क्टिकात रॉस नावाचं बेट आहे. त्यावर अमेरिकेचं मॅकमर्डो नावाचं संशोधनकेंद्र १९५६ सालापासून आहे. लगतच्या समुद्राचं पाणी बहुतेक वर्षभर उणे १.९ अंशाच्या आसपास असतं. गोडं पाणी शून्यालाच गोठतं. मीठ असल्यामुळे हे गोठता गोठता थांबलेलं असतं. वर दोन-दोन मीटर जाडीचा बर्फ. त्याला भोक पाडून पाणबुडे खाली उतरतात आणि तळावरून हे काटेरी चेंडू गोळा करून आणतात. शास्त्रीय नाव स्टेरेकिनस न्यूमायेरी. मग त्यांच्या अंगात पोटॅशियम क्लोराइड टोचलं की मादी अंडी सोडते, नर शुक्रपेशी सोडतो. दोन्ही पेल्यात एकत्र करायची, पेला त्याच गारठ्यात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. चक्रवाढ व्याजासारखंच. फक्त हे व्याज आमच्या बचत खात्याहूनही हळू चढतं.

उबदार समुद्रातल्या कित्येक सी अर्चिनांचं पिल्लू तीन-चार आठवडे पाण्यात तरंगतं, आणि मग रूप पालटून आईबापांसारखं काटेरी होऊन तळाशी बसतं. ध्रुवाकडच्या या पोराला त्याच कामाला सुमारे ११५ दिवस लागतात, असं १९८७ साली छापून आलं. आकार टाचणीच्या टोकाएवढा, अंगात ताकद नाही, आजूबाजूला महिनोन् महिने खायला जवळजवळ काही नाही. थंडीत काळोख असतो, त्यामुळे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. मग हे जगतं कसं?

याचं एक उत्तर २००१ साली मिळालं. डोनाल मॅनाहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तेव्हा असं दिसलं की हे पिल्लू अंगातली प्रथिनं तयार करतं ती इतर प्राण्यांना लागणाऱ्या खर्चाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यात. हे वाचून मी चष्मा काढून पुसला. आम्ही आयुष्यभर मोठमोठ्या कंपन्यांची प्रकल्प-टिपणं चाळतो, पण उत्पादनखर्च पंचविसावा हिस्सा दाखवणारा उद्योजक मी तरी पाहिलेला नाही. आला असता तर आम्ही त्याला कर्ज देण्याऐवजी पोलिसांना फोन केला असता. आणि इथं टाचणीच्या टोकाएवढं पोर, पगार नाही, भत्ता नाही, ते करून दाखवतंय.

म्हणजे ते हळू होतं ते ऐदी म्हणून नव्हे. जेवढी शिल्लक होती तेवढ्यात भागवत होतं. चार महिने गारठ्यात भागवणं हा आळस नसतो, हे महिनाअखेर पाहिलेल्या माणसाला निराळं सांगायला नको.

इथं मला एकदम जोर चढला. मी जेवताना मोठ्यानं म्हणालो, “म्हणजे याचा उपयोग आहे तर! स्वस्तात प्रथिनं बनवायची युक्ती कळली तर कारखान्यांत—”

कन्या आईला म्हणाली, “आई, बाबांना सांग, उपयोगच हवा असेल तर आइस्क्रीम आहे.”

आणि खरंच आहे. ध्रुवाकडच्या समुद्रातले मासे गोठून का जात नाहीत, या प्रश्नाच्या मागे आर्थर डिव्हरीज नावाचे शास्त्रज्ञ १९६०च्या दशकात याच मॅकमर्डोत लागले होते. माशांच्या रक्तात एक विशेष प्रथिन असतं. ते बर्फाच्या बारीक कणाला चिकटतं आणि त्याला मोठं होऊ देत नाही, हे त्यातून कळलं. पुढं अशाच जातीचं काम करणारं, पण उत्तर अटलांटिकमधल्या एका माशाचं प्रथिन यीस्टकडून बनवून घेऊन आइस्क्रीममध्ये घालता येऊ लागलं. अमेरिकेत २००३ साली त्याला हिरवा कंदील मिळाला, युरोपात २००९ साली. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होत नाहीत.

मी टेबलावर हात मारला. “हे झालं! हे आधी का नाही सांगितलंस?”

आता कन्या पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. “कारण ते आइस्क्रीमसाठी बर्फात गेले नव्हते, बाबा. मासा मरत का नाही, हे त्यांना कळत नव्हतं म्हणून गेले होते. ज्यांच्या माशातून आइस्क्रीम निघालं नाही, ते काय मूर्ख?”

मी आमटी वाढून घेतली.

त्या रात्री मला फार वेळ झोप आली नाही. आइस्क्रीम दाखवून ती मला सहज जिंकू शकत होती. मी हरायला तयारही होतो. पण तिनं तो साक्षीदारच नाकारला, कारण तो तिच्या बाजूनं बोलत असला तरी चुकीच्या कारणासाठी बोलत होता. आइस्क्रीम निघालं म्हणून संशोधन शहाणपणाचं, तर मग न निघालं तर मूर्खपणाचं. आणि सुरुवात करताना तर कुणालाच माहीत नसतं काय निघणार ते. म्हणजे खरा प्रश्न आइस्क्रीमच्या आधीचा आहे. ज्याच्या शेवटी हातात काहीच न पडण्याची शक्यता आहे, असं काम माणसानं करावं की नाही?

आणि याच प्रश्नावर, त्याच रॉस बेटावर, एक खटला शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे. कन्येच्या कागदांत तोही सापडला.

१९११ साली कॅप्टन स्कॉटची तुकडी त्या बेटावर मुक्कामाला होती. तिथल्या तीन माणसांनी ठरवलं की ऐन थंडीत, चोवीस तासांच्या काळोखात, बेटाच्या दुसऱ्या टोकाला केप क्रोझियरला जायचं आणि सम्राट पेंग्विनची अंडी आणायची. डॉ. विल्सन, बॉवर्स आणि पंचवीस वर्षांचा चेरी-गॅरार्ड. अंडी खायला नव्हे. त्या काळी एक मत होतं की प्राण्याचं भ्रूण वाढताना आपल्या पूर्वजांचा सगळा इतिहास पुन्हा गिरवून दाखवतं. पेंग्विन हा अगदी आदिम पक्षी असावा असंही वाटायचं. तेव्हा त्याच्या अंड्यातलं भ्रूण योग्य वयात सापडलं, तर खवल्यांची पिसं कशी झाली हे दिसेल, असा हिशेब होता. आणि हा पक्षी अंडं घालतो तेच मुळी ऐन थंडीत! मादी अंडं घालून समुद्रावर निघून जाते आणि नर ते पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, दोन महिने उपाशी उभा राहतो. (हे वाचून सौ. म्हणाली, “बघा.” मी विषय बदलला.)

हे तिघं २७ जूनला निघाले. सुमारे शंभर किलोमीटरची वाट. पारा एकदा उणे ६० अंशांच्याही खाली गेला. चेरी-गॅरार्डला चष्म्याशिवाय फारसं दिसत नसे आणि त्या थंडीत चष्मा घालता येत नसे. थडथड वाजून त्याचे दात फुटले. वादळानं तंबू उडवून नेला. तो पुढं नशिबानं सापडला. पाच अंडी मिळाली, त्यातली दोन वाटेत फुटली. १ ऑगस्टला तिघं परत आले, तीन अंडी घेऊन. पुढल्या वर्षी मार्चमध्ये विल्सन आणि बॉवर्स स्कॉटबरोबर ध्रुवावरून परतताना तंबूत मरून पडले. तीन अंडी आणि एकटा चेरी-गॅरार्ड इंग्लंडला पोचले.

१९१३ साली तो ती अंडी घेऊन लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेला. तिथं काउंटरवर कारकून होता.

इथून पुढची हकीकत मी दोनदा वाचली. चेरी-गॅरार्डनं ती स्वतःच १९२२ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्या कारकुनानं त्याला ‘अंडी विकायला आलास की काय’ अशा थाटात वागवलं. मग एका वरच्या साहेबाकडे पाठवलं. साहेबानं अंडी घेतली आणि दुसऱ्या एका बड्या माणसाशी बोलत बसला. चेरी-गॅरार्ड उभाच. तो म्हणाला, मला पावती द्या. पावतीची गरज नाही, तुम्ही जाऊ शकता, असं उत्तर मिळालं. तो गेला नाही. व्हरांड्यात बसून राहिला, पावतीसाठी.

वाचकहो, या गोष्टीत सगळ्यांना चेरी-गॅरार्ड दिसतो. मला तो कारकून दिसला. बावीस वर्षं मी त्याच बाजूला बसलोय. मला माहीत आहे त्याचं काय झालं असेल. सकाळपासून लोकांनी त्याच्यापुढे शिंपले, हाडं, मेलेले पक्षी आणून टाकले असतील. जेवायची वेळ झाली असेल. त्यात एक फुटक्या दातांचा माणूस तीन अंडी घेऊन उभा. त्या अंड्यांमागे काय आहे हे त्याच्या कपाळावर थोडंच लिहिलेलं होतं!

आणि मग मला आमचे आजोबा आठवले. आमचे म्हणजे बँकेचे. पेन्शनर आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांचं पेन्शनचं खातं निराळं. पण एक जुनं बचत खातं आहे, थोडीशी रक्कम पडून असलेलं. त्या खात्यात तीन महिन्यांतून एकदा व्याज जमा होतं, बाकी काही होत नाही. तरी आजोबा दर महिन्याला ते पासबुक भरून घ्यायला येतात. यंत्रात घातलं की पासबुक कोरंच बाहेर येतं. एकदा, पगाराची तारीख होती, रांग दारापर्यंत गेलेली, सर्व्हर रुसलेला, मी त्यांना म्हणालो, “आजोबा, यात काही झालेलंच नाही. कशाला हेलपाटा घालता? उपयोग काय?”

आजोबा म्हणाले, “काही झालेलं नाही, हे तरी छापून द्या.”

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. आजोबा पासबुक पिशवीत घालून गेले.

तर त्या तीन अंड्यांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. ज्या प्राध्यापकांकडे अभ्यासाला सोपवली ते १९१५ साली वारले. मग दुसऱ्यांकडे, मग तिसऱ्यांकडे, या टेबलावरून त्या टेबलावर. आम्हाला हे काही नवीन नाही. शेवटी १९३४ साली, म्हणजे अंडी उचलल्यापासून तेवीस वर्षांनी, अहवाल छापून आला. पेंग्विनच्या वाढीबद्दलच्या माहितीत या तीन भ्रूणांनी फारशी भर पडली नाही, असा त्याचा एकूण मथितार्थ. भ्रूण पूर्वजांचा इतिहास गिरवतं हे मतही तोवर मोडीत निघालं होतं. जमेच्या बाजूला शून्य.

साडूंना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “म्हणजे निल! आम्ही काय म्हणत होतो?”

‘निल’ हा शब्द साडूंच्या तोंडून आला आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. कारण गेल्याच वर्षी साडूंचं दुकान दुरुस्तीसाठी काही महिने बंद होतं. विक्री शून्य. म्हणून त्यांनी जीएसटीचं रिटर्न भरलं नाही. विकलंच नाही तर काय कळवायचं, असा त्यांचा सरळ विचार. त्यांना दंड झाला. धंदा नसला तरी ‘निल रिटर्न’ भरावंच लागतं. सरकारला ‘काही झालं नाही’ हेसुद्धा तारखेवर, सहीनिशी हवं असतं. साडूंनी तेव्हा सरकारला बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. पण मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला सरकारचं म्हणणं पटतं. शून्य आणि कोरं यांत फरक आहे. कोरं म्हणजे कुणी बघितलंच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी बघितलं, मोजलं आणि काही नाही असं लिहिलं. शून्य लिहायलाही हिशेब शेवटपर्यंत करावा लागतो.

१९३४चा तो अहवाल म्हणजे निल रिटर्न होतं. तो नसता तर ते मत खरं असावं असं मानणारा कुणीतरी पुन्हा त्या काळोखात गेला असता, पुन्हा दात फोडून घेतले असते.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण एका शून्यासाठी माणसांनी मरायचं? हा मात्र प्रश्न आहे, आणि तो मला निल रिटर्ननं सुटत नाही. त्या तिघांचा जीव त्या वाटेवर जाता जाता वाचला, हे त्यांचं नशीब. मला एवढंच कळतं की आपला जीव आपण कशावर लावायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. दुसऱ्याचा जीव मात्र कुणी असल्या हिशेबात धरू नये. आणि नेमकं तिथंच माझं घोडं अडलं होतं. कारण मुलीचा जीव हा दुसऱ्याचा, हे बापाला पटायला जरा वेळ लागतो.

याबद्दलही त्या थंड पाण्यात काही सापडतं. गुन्नार थोर्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं १९५० साली असं मांडलं की ध्रुवाकडच्या गारठ्यात समुद्रातले प्राणी पोरांना पाण्यात मोकळं सोडत नाहीत. अंगाखाली, पिशवीत, जपून वाढवतात. मला हे फार पटलं. मी कन्येला तसं म्हणालोही. ती म्हणाली, “पण बाबा, तिथं सगळ्यांत जास्त दिसतात त्यांतले बरेच सोडतात. हा सी अर्चिनच सोडतो.” थोर्सनच्या नियमाला पुढच्यांनी इतके अपवाद दाखवले की नियम जरा सैल करावा लागला. म्हणजे जपणारेही टिकले आणि सोडणारेही. कुठलंच एक बरोबर असं निसर्गानं ठरवलेलं दिसत नाही. बापांची सोय त्यानं पाहिलेलीच नाही.

आणि २०२१ साली तर कमालच झाली. पोलारस्टर्न हे जर्मन जहाज वेडेल समुद्रात फिरत होतं. खाली कॅमेरा सोडला तर तळावर मातीत गोल गोल खळगे, एकाला लागून एक. बहुतेकांत अंडी, सरासरी सतराशे, आणि बहुतेक ठिकाणी अंड्यांवर एक बर्फमासा पहारा देत बसलेला. ही घरटी सुमारे २४० चौरस किलोमीटरवर पसरली होती आणि त्यांची संख्या अंदाजे सहा कोटी निघाली. महाराष्ट्राच्या निम्म्या लोकसंख्येइतके आईबाप अंधारात, गोठत्या पाण्यात, पोरांवर लक्ष ठेवून बसलेले, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. त्यांनी काही कुणाकडे पावती मागितली नव्हती.

तुम्हाला वाटेल हे सारं वाचून मी एकदम शास्त्राचा भक्त झालो. तसं नाही. मला अजूनही वाटतं की करदात्यानं प्रश्न विचारावा. पण ‘उपयोग काय’ हा प्रश्न मी त्या रविवारी विचारला तेव्हा तो करदात्याचा नव्हताच. मला सी अर्चिनाच्या उत्पादनखर्चाशी काही देणंघेणं नव्हतं. मला म्हणायचं होतं, ‘तू लांब जाशील, मग इथं काय राहील?’ हे बोलायला लाज वाटते, म्हणून माणूस उपयोग विचारतो. खोटा प्रश्न विचारला की खरं उत्तर मिळत नाही. बशीचा आवाज येतो.

गोवाच का, हेही मग नीट विचारलं. तर भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहूनच निघाली होती. एकवीस माणसं, नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ. ९ जानेवारी १९८२ला ती मंडळी बर्फावर उतरली. आता तिथं आपली मैत्री आणि भारती अशी दोन केंद्रं आहेत, आणि त्यांचा कारभार बघणारी संस्था वास्कोला आहे. म्हणजे गोवा म्हटल्यावर साडू हसले ते साडूंचं अज्ञान.

पालकांच्या जागी सही मी केली. फी भरली आणि सवयीनं म्हणालो, “पावती जपून ठेव.” बँकेच्या परीक्षेची पुस्तकं साडूंच्या मुलाला दिली. तो ती उशाशी घेऊन झोपतो, असं कळतं.

पुढच्या महिन्यात आजोबा आले. यंत्रात पासबुक घातलं, कोरंच बाहेर आलं. मी ते उघडलं, शेवटच्या नोंदीखाली पेनानं तारीख घातली, ‘नवीन व्यवहार नाही’ असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. असं करायला नियमात जागा आहे की नाही, मी पाहिलेलं नाही. आजोबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि म्हणाले, “आत्ता कसं.” मागच्या माणसानं रांगेतून विचारलं, “अहो, काय चाललंय?” मी म्हणालो, “काही नाही.” आणि तेच खरं होतं.

घरी सौ.नं कन्येसाठी स्वेटर विणायला घेतलाय. मी म्हटलं, “अगं, गोव्याला स्वेटर?” ती म्हणाली, “पुढं खाली बर्फात गेली तर?” स्वेटर सुरू होऊन दोन महिने झाले, अजून एक बाहीही पुरी नाही. मी काही बोलत नाही. ११५ दिवस होऊ द्यावेत, मग बघू.